वाचकांचे प्रश्न : मधले नाव ‘इस्रायल’

नाझी राजवटीत ज्यूंचा जो छळ झाला त्याची कागदपत्रे आज कोठे जपली आहेत, याविषयी मागील अंकात एक टिपण आले होते. त्यावर नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी चुलत आजी १९४० च्या सुमारास नाशिकमध्ये एका जर्मन डॉक्टरांच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या ट्रंकेत त्या डॉक्टरांच्या ओळखपत्राची एक नक्कल सापडली. त्यावर नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ‘इस्रायल’ असे लिहिले असून शेजारी मोठे ‘जे’ हे अक्षर आहे. इस्रायल हे त्यांच्या वडिलांचे नाव असावे, असे घरातले सगळे मानतात. आजी सांगत असे की डॉक्टरांना देवळालीत कोंडले होते. हिटलरपासून पळून आलेल्या माणसाला इंग्रजांनी का कोंडावे? त्यांच्याविषयी आणखी काही कळू शकेल का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : आपल्या घरातल्यांचा समज चुकीचा आहे, परंतु तो होणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे मधले नाव म्हणजे वडिलांचेच नाव. या कागदावरचे मधले नाव मात्र आईवडिलांनी दिलेले नसून सरकारने लादलेले आहे. ज्यांची नावे सरकारी यादीप्रमाणे ‘ज्यू’ वाटत नाहीत अशा पुरुषांनी आपल्या नावापुढे ‘इस्रायल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ हे नाव जोडावे, असा हुकूम जर्मनीत ऑगस्ट १९३८ मध्ये निघाला आणि १ जानेवारी १९३९ पासून तो अंमलात आला. त्या काळचे जर्मन कागद चाळू लागलो की ‘सारा’ नावाच्या इतक्या बायका भेटतात की नवख्या वाचकाला ते फार लोकप्रिय नाव वाटावे. ‘जे’ हे ज्यूसाठी असलेल्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये सर्व जर्मन ज्यूंचे पासपोर्ट रद्द ठरवून ते या शिक्क्यासह नव्याने वैध करून देण्यात आले. नाशिकरोडच्या छापखान्यात आज आपल्या देशाचे पासपोर्ट छापले जातात, तेव्हा नाशिककरांना पासपोर्टचे मोल वेगळे सांगायला नको. सीमेवरच्या अधिकाऱ्याला पहिल्याच पानावर ‘याला परत घेणारे कोणी नाही’ हे कळावे, एवढे काम ते एक अक्षर करीत असे.

शोध घेताना याचा व्यावहारिक परिणाम असा, की डॉक्टरांचे नाव ‘इस्रायल’ वगळूनच शोधावे. भारतात उतरल्यावर बहुतेकांनी हे नाव टाकून दिले होते, त्यामुळे इकडच्या कागदांत ते सहसा मिळणार नाही.

आता देवळाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, आणि जर्मन किंवा ऑस्ट्रियन पासपोर्ट बाळगणारा प्रत्येक माणूस ब्रिटिश हिंदुस्थानात एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. पासपोर्टवरचा ‘जे’ येथे कामाला आला नाही. पुरुषांना प्रथम अहमदनगरच्या छावणीत नेण्यात आले, पुढे अनेकांना आपल्या देवळालीत, आणि १९४१ पासून देहरादूनला. नंतर तिबेटात जाऊन प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइन्रिश हारर हादेखील अहमदनगर आणि देवळालीमार्गेच देहरादूनला पोचला होता आणि तो एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेचा सदस्य होता. म्हणजे ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच संघटनेच्या माणसाबरोबर एका तारेच्या कुंपणात राहण्याची पाळी काही निर्वासितांवर आली. चौकशी होऊन बहुसंख्य ज्यू निर्वासितांची काही महिन्यांत सुटका झाली, पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर संशयाचे वारे पुन्हा फिरले आणि काहींना परत अटक झाली. कुटुंबांसाठी पुरंदर आणि सातारा येथे तुलनेने सौम्य छावण्या होत्या. आपल्या डॉक्टरांच्या बाबतीत यांपैकी काय घडले, हे त्यांच्या संचिकेवरूनच सांगता येईल.

येथे आणखी एक कागद लक्षात घ्यायला हवा, कारण तो आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. २५ नोव्हेंबर १९४१ च्या जर्मन हुकुमाने परदेशात राहणाऱ्या सर्व जर्मन ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. म्हणजे त्या दिवसापासून डॉक्टर जर्मनीच्या लेखी जर्मन उरले नाहीत. ब्रिटिश कायद्याने मात्र शत्रूने युद्धकाळात केलेली अशी नागरिकत्वरद्दी मानली नाही आणि इंग्रजांच्या दप्तरी ते जर्मनच राहिले. एकाच माणसाविषयी दोन सरकारांची दोन दप्तरे, आणि दोन्हीही त्याच्या विरोधात.

शोधाचे म्हणाल, तर पहिली पायरी येथेच आहे. १९३९ च्या विदेशी नागरिक नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक परदेशी व्यक्तीला पोलिसांकडे नोंद करावी लागे, आणि स्थानबद्धता, सुटका, व्यवसायाची परवानगी, नागरिकत्वाचा अर्ज या प्रत्येक पायरीवर पत्रव्यवहार होत असे. त्यातला मुंबई इलाख्याचा भाग महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत शोधावा. भारत सरकारच्या गृह आणि परराष्ट्र खात्यांच्या संचिका दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. मुंबईत १९३४ मध्ये ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. निर्वासिताचा भार सरकारवर पडणार नाही अशी हमी ती घेई, त्यामुळे व्हिसाच्या कागदांत तिचे नाव वारंवार येते. डॉक्टर मंडळींचा प्रश्न आणखी निराळा होता. पदवी मान्य होते की नाही यावर पोट अवलंबून, आणि मुंबईतील काही डॉक्टरांना ही स्पर्धा नको होती. अशा वेळी या निर्वासित डॉक्टरांची बाजू घेणाऱ्यांत डॉ. अब्राहम सॉलोमन एरुलकर होते. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, आणि महात्मा गांधींच्या डॉक्टरांपैकी एक.

दुसरी पायरी जर्मनीत. पश्चिम जर्मनीने १९५३ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला आणि १९५६ मध्ये तो विस्तृत केला. या कायद्याखाली ज्यांनी अर्ज केले त्यांच्या संचिकांत शिक्षण, बुडालेला व्यवसाय, पलायनाचा मार्ग, परदेशातील उत्पन्न आणि आजारपणे यांची कागदपत्रे एकत्र बांधलेली आढळतात. निर्वासिताच्या भारतातील दिवसांविषयी सर्वांत जास्त मजकूर मला नेहमी येथेच मिळाला आहे. छळाचा कागद कोरडा असतो, पण भरपाई मागणाऱ्या माणसाला आपले आयुष्य सांगावेच लागते.

तिसरी पायरी सुचवताना हात थोडा आखडतो. जर्मनीतील बाड आरोल्सन येथील, नाझी छळाची कागदपत्रे जपणाऱ्या अभिलेखागारात सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांविषयीची ३ कोटींच्या आसपास कागदपत्रे आहेत आणि त्यांतील बराच भाग संगणकावर विनामूल्य पाहता येतो. तेथील नावांची मुख्य सूची उच्चाराप्रमाणे लावलेली आहे, कारण एकच आडनाव जर्मन, पोलिश आणि रशियन कारकुनांनी शेकडो तऱ्हांनी लिहिले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितले की ते नेमकी चोपडी काढतात, तसे जन्मगाव आणि जन्मतारीख सांगितली तर येथेही शोध नेमका होतो. परंतु वेळेवर निसटलेले डॉक्टर स्वतः तेथे बहुधा मिळणार नाहीत. मिळाले तर त्यांचे आईवडील मिळतील. ते बर्लिनचे असतील तर आणखी एक कागद संभवतो. हद्दपारीच्या आधी प्रत्येकाकडून १६ पानी मालमत्तापत्रक भरून घेतले जाई आणि त्यात खुर्च्या, चादरी, टॉवेल, चमचे यांचीसुद्धा मोजदाद असे. अशी हजारो पत्रके आज पॉट्सडॅमच्या अभिलेखागारात आहेत. ज्या हुकुमाने भारतातील मुलाचे नागरिकत्व गेले, त्याच हुकुमाने आईवडिलांची गाडी जर्मनीची सरहद्द ओलांडताच त्यांचे हे चमचे आणि चादरी सरकारजमा होत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नाझींनी शेवटी कागदपत्रे जाळली, असे आपल्या टिपणात होते. मग साठ लाखांचा आकडा कोठून आला, असे नववीतल्या एका मुलाने विचारले. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. (पंचवटी)

उत्तर : मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून न लावता आपण तो आमच्याकडे पाठवलात, हे चांगले झाले.

हा आकडा कोणत्याही एका वहीत लिहिलेला नाही. इतिहासकारांचे अंदाज सुमारे ५१ लाखांपासून ६० लाखांच्या थोडे पुढेपर्यंत जातात. युद्धापूर्वीच्या जनगणना हा त्यांचा एक आधार आहे. एकट्या पोलंडमध्ये १९३१ च्या जनगणनेत ३१ लाखांहून अधिक ज्यू होते. युद्धानंतर उरलेल्यांची मोजणी, परागंदा झालेल्यांची संख्या, आगगाड्यांची वेळापत्रके आणि हद्दपारीच्या याद्या हे त्याला जोडायचे. आणि सर्व कागद जळले नाहीत, हेही मुलांना सांगा. लिथुआनियातील एका हत्यापथकाचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१ रोजी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात तारीख, गाव, पुरुष, स्त्रिया आणि मुले अशा रकान्यांत हत्या मांडल्या आहेत आणि खाली बेरीज दिली आहे : १,३७,३४६.

वर्गात सांगण्याजोगी गोष्ट मात्र एका तारेची आहे. ११ जानेवारी १९४३ रोजी हेर्मान हफ्ले या एसएस अधिकाऱ्याने लुब्लिनहून एक सांकेतिक संदेश पाठवला. इंग्रजांच्या संदेशफोड विभागाने तो पकडला आणि उलगडलाही, पण त्यात बी, एस, टी, एल ही अक्षरे आणि त्यांच्यासमोर काही आकडे एवढेच होते. अर्थ कोणाला लागला नाही आणि कागद लंडनच्या सरकारी अभिलेखागारात जाऊन पडला. २००० साली दोन संशोधकांच्या तो नजरेस आला. अक्षरे होती बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका आणि लुब्लिन-मायदानेक या छावण्यांची, आणि आकडे होते १९४२ अखेरपर्यंत तेथे पोचलेल्या माणसांचे : ४,३४,५०८, १,०१,३७०, ७१,३५५ आणि २४,७३३. एकूण दिली होती १२,७४,१६६. ही बेरीज मुलांना फळ्यावर करू द्या. ती जुळत नाही. ट्रेब्लिंकाचा आकडा ७,१३,५५५ घेतला तरच जुळते, म्हणजे नोंद करताना शेवटचा ५ गळला होता. एसएसचाच संख्याशास्त्रज्ञ रिशार्ड कोरहेर याने १९४३ मध्ये वरिष्ठांसाठी केलेल्या अहवालातही नेमका १२,७४,१६६ हाच आकडा आहे. एक कागद बर्लिनच्या बाजूचा, दुसरा लंडनच्या कपाटातला, आणि दोन्हींवर एकच संख्या. पुरावा म्हणजे काय, हे नववीच्या मुलाला याहून सोपे करून मला सांगता येणार नाही.

एक सावधगिरी सांगायला हवी. नाव सापडत नाही म्हणून माणूस नव्हताच, असा निष्कर्ष या कागदांवरून कधीही काढू नये. आउशवित्झमध्ये सुमारे ११ लाख लोक मारले गेले, त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. परंतु छावणीच्या वहीत नोंदले गेलेले कैदी सर्व मिळून सुमारे ४ लाखच होते. मुले, म्हातारे आणि तान्ही बाळे असलेल्या आया यांना फलाटावरूनच थेट विषारी वायूच्या कोठडीकडे नेत. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांनाच क्रमांक मिळे, बाकीच्यांसाठी शाई खर्च केली जात नसे. म्हणूनच जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने नातेवाईक आणि शेजारी यांच्याकडून साक्षपत्रे भरून घेऊन नावे गोळा केली. गेली सत्तर वर्षे हे काम चालू आहे आणि नावांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोचली आहे.

प्रश्न : न्यूरेंबर्गचा खटला हा विजेत्यांनी पराभूतांवर उगवलेला सूड होता आणि आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी तेथे विरोधी निकाल दिला होता, असे आमच्या बाररूममध्ये एका ज्येष्ठांनी सांगितले. आपले मत काय? (शरणपूर रोड, वकील)

उत्तर : न्यायमूर्ती पाल न्यूरेंबर्गला, म्हणजे नाझी नेत्यांवरील खटल्यात, नव्हते. ते जपानी नेत्यांवरील टोकियो खटल्यात न्यायाधीश होते आणि त्यांचा भिन्न निकाल तेथील आहे. एवढी दुरुस्ती त्या ज्येष्ठांपर्यंत अदबीने पोचवावी.

न्यूरेंबर्गच्या न्यायपीठावर फक्त चार विजेत्या राष्ट्रांचे न्यायाधीश होते आणि विजेत्यांची स्वतःची कृत्ये चौकशीबाहेर राहिली, हा आक्षेप खोटा नाही. पण सूड म्हणायचा तर त्याला इतके कागद कशाला लागतात? अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन (हे नाव ऐकले की नाशिककराला १९०९ सालचे विजयानंद नाट्यगृह आठवते, पण तेथे मारले गेलेले कलेक्टर जॅक्सन वेगळे) यांनी खटला साक्षीदारांपेक्षा मुख्यतः आरोपींच्याच कागदांवर उभा करण्याचे ठरवले. साक्षीदार पढवला आहे असे म्हणता येते, स्वतःची सही नाकारणे कठीण. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ असा चाललेल्या या खटल्यात १२ जणांना फाशीची शिक्षा झाली, त्यांतील एकाला गैरहजेरीत. ७ जणांना कारावास झाला आणि ३ निर्दोष सुटले. सूड घेणारे सहसा तिघांना सोडत नाहीत.

कागदांची ही पद्धत पुढे कोठवर गेली, हे वकिलांनी पाहण्यासारखे आहे. २७ वर्षांचे अमेरिकन वकील बेंजामिन फेरेन्झ बर्लिनमध्ये हत्यापथकांचे दैनंदिन अहवाल घेऊन बसले आणि बेरजेच्या यंत्रावर मृतांचे आकडे मोजत गेले. दहा लाखांच्या पुढे गेल्यावर ते थांबले. त्यांनी या पथकांवर चालवलेल्या खटल्यात सरकार पक्षाने दोन दिवसांत आपले काम संपवले, कारण सर्व काही लेखी होते. १४ जणांना फाशी सुनावली गेली, प्रत्यक्षात चौघांनाच झाली. ज्यूंच्या संहाराची कार्यवाही जिथे ठरवली गेली त्या २० जानेवारी १९४२ च्या वान्झे बैठकीचे टिपण तर पहिल्या खटल्याला मिळालेच नाही. ते १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या संचिकांत सापडले. ३० प्रतींपैकी क्रमांक १६ ची ती प्रत होती, बाकीच्या आजतागायत मिळालेल्या नाहीत.

सूड घेतला गेला याहून कितीतरी मोठी तक्रार न्याय अपुरा झाल्याची आहे. लुडविग्सबुर्गचे केंद्रीय तपास कार्यालय १९५८ च्या अखेरीस उघडले, तोवर बहुतेक आरोपी आपापल्या नोकऱ्यांत स्थिरावले होते. फ्रित्झ बाउअर या सरकारी वकिलांच्या चिकाटीने १९६३ ते १९६५ मध्ये फ्रँकफर्टला आउशवित्झचा खटला चालला, तेव्हा अमुक आरोपीने अमुक माणसाला मारले असे सिद्ध करा, अशी न्यायालयाची अपेक्षा होती, आणि जिथे साक्षीदारच उरले नाहीत तिथे ते अशक्यप्राय होते. सोबिबोर छावणीचा माजी पहारेकरी जॉन डेम्यानुक याच्यावरील २०११ च्या निकालाने ही अट सैल झाली. तेथे पहारेकरी असणे हेच २८ हजारांवर हत्यांना साहाय्य ठरले आणि तिथला मुख्य पुरावा होता एक सेवा-ओळखपत्र, पुन्हा कागदच. डिसेंबर २०२२ मध्ये श्टुटहोफ छावणीच्या कार्यालयात टंकलेखिका असलेल्या ९७ वर्षांच्या स्त्रीला १०,५०५ हत्यांना साहाय्य केल्याबद्दल दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. कागद टाइप करणे हाच गुन्ह्यातला सहभाग ठरला. इतक्या उशिरा दिलेल्या या शिक्षेचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर माझ्याकडे ठाम उत्तर नाही, पण निकालातील तर्क मला पटतो.

आणि भारताचा संबंध हवाच असेल, तर १९४३ ते १९४८ या काळात काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे आयोगाच्या १७ सदस्य देशांत ब्रिटिश हिंदुस्थान होता. त्या आयोगाची कागदपत्रे कित्येक दशके जवळपास बंद होती. २०१७ पासून ती लंडनच्या वीनर ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे ज्यू निर्वासितांची छावणी होती, हे खरे का? (सिन्नर)

उत्तर : नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला राहिलेले सुमारे ५ हजार लोक पोलिश होते आणि ते बहुतांशी कॅथलिक होते. त्यांना १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते, तेथून इराणमार्गे ते इकडे आले.

प्रश्न : मी इतिहासात एम. ए. करीत आहे. हे सर्व कागद मारणाऱ्यांचे, पोलिसांचे किंवा न्यायालयाचे आहेत. ज्यांचा छळ झाला त्यांनी स्वतः ठेवलेले दप्तर नाही का? आणि घरात सापडलेले जुने कागद जपावे कसे? (कॉलेज रोड)

उत्तर : आहे, आणि तेच आधी वाचावे. वॉर्साच्या कोंडवाड्यात, म्हणजे नाझींनी ज्यूंना जिथे कोंडले होते त्या वस्तीत, इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने काही डझन माणसे गुप्तपणे कामाला लावली होती. दुसऱ्यांनी आपला इतिहास लिहिण्याआधी आपण तो लिहायचा, ही त्यांची भूमिका होती. मात्र त्यांनी फक्त निवेदने जमवली नाहीत. शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, गोळ्यांची वेष्टने, शाळेतले निबंध, भिंतीवरच्या नोटिसा, भूकमारीवरचे डॉक्टरांचे अभ्यास असे सर्व त्यांनी ठेवले. ऑगस्ट १९४२ मध्ये पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा भाग दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून एका शाळेच्या तळघरात पुरला. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम मारले गेले. त्यांच्या गटातील मोजकेच लोक वाचले, आणि त्यांच्यातल्या एकाला जागा ठाऊक होती म्हणून सप्टेंबर १९४६ मध्ये उद्ध्वस्त शहराच्या ढिगाऱ्याखाली पेट्या सापडल्या. डिसेंबर १९५० मध्ये कॅन सापडले. तिसरा भाग अजून मिळालेला नाही. सुमारे ३५ हजार पाने वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. ती यिडिश आणि पोलिश भाषांत आहेत, तेव्हा प्रबंध करायचा असेल तर यांपैकी एक भाषा शिकायची तयारी ठेवा. निदान जर्मन शिका, आणि ती शिकताना ‘स्थलांतर’ आणि ‘विशेष वागणूक’ या अर्थाचे शब्द सरकारी कागदांत हत्येसाठी वापरले जात, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

पेट्यांतल्या कागदांत पाणी शिरले होते, कारण त्या डाख देऊन पुरत्या बंद केलेल्या नव्हत्या. कॅनमधले कागद त्या मानाने चांगले निघाले. आपल्या घरातल्या कागदांना नाशिकच्या पावसाळ्यात हेच भय आहे. लोखंडी टाचण्या आणि रबर काढून टाका, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात प्रत्येक कागद वेगळा ठेवा, चिकटपट्टी लावू नका आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, कोरी बाजू सोडू नका, कारण शिक्के आणि टिपा तिथेच असतात. नक्कल कोणाकडून, कोठे आणि केव्हा मिळाली, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. आणि देवळालीच्या पत्रलेखकांनाही हेच सांगणे आहे : तो कागद लॅमिनेट करण्याचा विचार आपण पत्रात बोलून दाखवला आहे, तो कृपया सोडून द्यावा, कारण एकदा वितळवून चिकटवलेले प्लास्टिक नंतर काढता येत नाही.